मदत हवी आहे : 'रम' या इंग्रजी शब्दाचा दारू सोडून दुसरा अर्थ काय? (तातडीचं)

तळ्याकाठी : नमस्कार मंडळी. रम या शब्दाचा दारूशिवाय काही अर्थ होतो का? मोबाइलमधला शब्दकोश नुसतं बाटलीचं चित्र दाखवून राहिला. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठीचा अनुवाद अडला आहे, उद्या सकाळी सरांकडे द्यायचा आहे. आमच्याकडे संध्याकाळी लाइन जाते, तेव्हा लवकर सांगा.

मळीवाला : दुसरा अर्थ कायले पाह्यजे भाऊ? रम म्हणजे उसाची दारू. साखर काढल्यावर जी काळी, घट्ट मळी उरते ती आंबवायची, भट्टीतून काढायची, मग लाकडी पिंपात मुरवायची. काही बेटांवर थेट उसाच्या रसाचीही करतात. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होतो, मळीचा तो करपट-गोड वास अंगावरच्या कपड्यातून धुतला तरी जात नाही. सतराव्या शतकात बार्बाडोसकडच्या ऊसमळ्यांवर ही दारू सुरू झाली. अनुवादात सरळ 'रम' लिहून मोकळे व्हा.

मेळघाटकर : मग आपली मोहाची काय कमी आहे? तीही रमच धरा की.

मळीवाला : नाही धरायची. मोहाची फुलांपासून होते. फुलं वेचा, वाळवा, सडवा, भट्टी लावा, ते सगळं खरं. पण ऊस नाही तर रम नाही.

मेळघाटकर : भट्टी तीच, वाफ तीच. नाव कारखान्यानं दिलं म्हणून मोठं झालं का?

शब्दवेडी : दोघंही जरा थांबा. तळ्याकाठी, पूर्ण वाक्य टाका. गोष्ट कोणत्या देशातली, कोणत्या काळातली?

तळ्याकाठी : जुनी गोष्ट आहे, बंदरावरची. वाक्यानं काय फरक पडतो? शब्द तर तोच आहे.

शब्दवेडी : फरक पडतो. पुढे माणूस आहे, बाटली आहे की प्रसंग आहे, ते पाहिल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही.

निवृत्त गुरुजी : आपल्याकडे रम् हा संस्कृत धातू आहे, हे ध्यानात असू द्यावे. रमणे, रमणीय, आराम, विराम हे सारे त्यातूनच आले.

तळ्याकाठी : गुरुजी, नमस्कार, पण माझा शब्द इंग्रजी आहे.

काटोलचा संत्रेवाला : तुम्ही काहीही म्हणा, सर्दी झाली की रम, गरम पाणी अन् मिरे. आमच्या घरी लेकरांच्या छातीलेही चोळतात.

आशाताई : दादा, लेकरांना नका हो चोळू! कातडीतून दारू अंगात जाते. प्यायल्यावर मोठ्यांना ऊब वाटते ती कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात म्हणून, आतून अंगातली उष्णता उलट बाहेर पडते. लेकराची छाती भरली असेल तर दवाखान्यात न्या.

तळ्याकाठी : बरं, हे घ्या वाक्य. 'ही वॉज अ रम ओल्ड फेलो.' दुसऱ्या पानावर 'इट्स अ रम बिझनेस' आहे. दारुडा म्हातारा म्हणावं, तर पुढच्याच परिच्छेदात तो सांगून राहिला की त्यानं जन्मात थेंबाला हात लावला नाही. तिथंच अडलो आहे.

शब्दवेडी : आता कळलं. हा रम वेगळा, विशेषण आहे. इंग्लंडात सोळाव्या शतकात चोरा-भामट्यांच्या बोलीत रम म्हणजे झकास, उत्तम. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अर्थ फिरला आणि विचित्र, खटकणारं असा झाला. म्हणून 'तऱ्हेवाईक म्हातारा' लिहा. दुसऱ्या ठिकाणी 'चमत्कारिक प्रकरण', त्यात संशयाची छटा असेल तर 'काहीतरी गौडबंगाल'. दोन्हीकडे एकच मराठी शब्द चिकटवू नका.

मेळघाटकर : तऱ्हेवाईक कोण म्हणते गावात? 'अवली म्हातारा' लिहा. एका शब्दात माणूस उभा राहते.

शब्दवेडी : अवलीमध्ये कौतुक जास्त आहे. त्या म्हाताऱ्याबद्दल बोलणाऱ्याला कौतुक आहे का, हे आधी पाहा.

तळ्याकाठी : कौतुक नाही, लोक त्याला टाळतात. अजून एक राहिलं. शेवटी 'रम-रनर' आहे. रम घेऊन पळणारा?

शब्दवेडी : अहो, हे आधी का नाही सांगितलं! गोष्ट अमेरिकेच्या किनाऱ्यावरची आहे का?

तळ्याकाठी : हो. म्हातारा इंग्लंडहून तिकडे गेलेला खलाशी. ते तर पहिल्याच ओळीत आहे.

शब्दवेडी : पहिली ओळ तुमच्यासमोर आहे, आमच्यासमोर नाही. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. तेव्हा समुद्रातून चोरून दारू आणणाऱ्यांना रम-रनर म्हणत. बोटीत व्हिस्की असली तरी शब्द हाच, कारण तिकडे रम हा कोणत्याही दारूसाठी वापरत. 'चोरटी दारू वाहणारे' लिहा.

वर्धेकर : आमच्या जिल्ह्याला हे समजवावं लागत नाही. वर्ध्यात 1974 पासून बंदी, गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपुरात 2015 ला लावली अन् 2021 ला उठवली. उठवायला नको होती.

मळीवाला : बंदीनं काय थांबलं ते सांगा आधी.

आशाताई : ज्या घरात नवरा रोज पिऊन येतो, त्या बाईला विचारा काय थांबलं ते.

तळ्याकाठी : बंदीवर वेगळा धागा काढा ना राजेहो. शब्दवेडीताई, 'तऱ्हेवाईक' घेतला, 'गौडबंगाल' घेतलं. लाइन गेली, बॅटरीवर लिहून राहिलो. टेबलाच्या खणातल्या बाटलीला मात्र 'रम'च ठेवतो.

शब्दवेडी : ते बरोबर. आणि 'रम्मी' कुठे दिसला तर तोही तपासा. पत्त्यांचा डाव असेल, इंग्रज बोलत असेल तर विचित्र, अमेरिकन बोलत असेल तर दारुडा. कोणाच्या तोंडी आहे ते पाहूनच लिहा.