मदत हवी आहे: स्टेगोसॉरसच्या पायाखालची जमीन वाकली!

मंडळी, १:३५ स्केलच्या (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) स्टेगोसॉरस डायनासोरच्या मॉडेलसाठी ओढ्याकाठचा देखावा करतोय. जाड पुठ्ठ्यावर थर्मोकोलचे उंचवटे, वर टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला पांढरा गोंद. रात्री सगळं झकास होतं. सकाळी बघतो तर चारही कोपरे पापडासारखे वर आलेले आणि स्वारी तीन पायांवर डुगडुगतेय. वजन ठेवून दाबलं, तर ओढ्याच्या काठाला भेग पडली.

त्याआधीचा पराक्रम म्हणजे थर्मोकोलवर थेट स्प्रे पेंट मारला. त्यातल्या सॉल्व्हंटने अर्धी टेकडी विरघळली. (खड्डा इतका खरा दिसतोय की तो तसाच ठेवणार आहे.)

आता पुठ्ठ्याऐवजी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) घेऊ की प्लायवूड? खालच्या बाजूलाही गोंद लावला तर ताण सारखा होऊन वाकणं थांबेल का? कुणी करून पाहिलंय? आणि ओल्या चिखलातले पाऊलठसे नेमके कधी उठवायचे? माझा लगदा एक तर पायाला चिकटतो, नाही तर दगड होतो.

कृत्रिम गवत सुचवू नका हं, १५ कोटी वर्षांपूर्वी गवत नव्हतंच. नेचे आणि सायकॅड (ताडासारखी दिसणारी प्राचीन झाडं) कागदातून कापतोय, पण पानं फार सपाट दिसतात. त्यांना बाक कसा देता?