प्रति: पूर्वकथा लिहून उपयोग काय?

'गेममधल्या आपल्या पात्राची पूर्वकथा गेम वाचतच नाही, मग लिहायची कशाला?' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये (२००९) सहा सुरुवाती स्वतंत्र खेळायला मिळतात, पण त्या गेम बनवणाऱ्यांनी लिहिलेल्या. स्कायरिम (२०११) तुम्हाला कैदी म्हणून गाडीत बसवतो, सीमा ओलांडताना सापडलात एवढंच कळतं, त्याआधीचं काहीच सांगत नाही. ती रिकामी जागा मला जास्त आवडते.

बाल्डर्स गेट ३ मधला माझा बार्ड (गाणारा-वाजवणारा कलाकार) फिरोदिया करंडकाला, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेला, नेपथ्य उचलणाऱ्या पोरांवरून बेतलाय. आयुष्य विंगेत गेलं, स्टेजवर कधीच नाही. (पुण्यात असे बार्ड ढिगाने आहेत.) म्हणून बॅकग्राउंड (पात्राचा आधीचा पेशा) एंटरटेनर, म्हणजे रंजन करणारा, न घेता गिल्ड आर्टिझन, म्हणजे कारागीर, घेतली. त्यामुळे अ‍ॅक्रोबॅटिक्स (कसरती), परफॉर्मन्स (सादरीकरण) ही कौशल्यं गेली. इनसाइट (माणूस ओळखणं), पर्सुएशन (मन वळवणं) आलं. शिवाय बॅकग्राउंडला साजेसं वागलं की इन्स्पिरेशन नावाचं बक्षीस मिळतं आणि फसलेला फासा पुन्हा टाकता येतो. म्हणजे इथे गेम थोडंफार वाचतोच की!

पात्राच्या चेहऱ्यावरच्या व्रणाला मात्र कारण हवंच, असं मला वाटत नाही. छान दिसतो म्हणून ठेवला, बास.

आणि वर कुणी पात्राची तीन पानी वंशावळ लिहिलीय, त्याबद्दल: एवढं नको रे. पात्राला कशाची लाज वाटते ते ठरव, संवादाचे पर्याय आपोआप सुचतील.