‘मुक्तीसंग्राम दीन’ आणि त्यावर हसणारे

गोदाकाठचा:
परवा इथं एकाने चौकातल्या फ्लेक्सचा फोटो टाकला. 17 सप्टेंबरचा, ‘मराठवाडा मुक्तीसंग्राम दीन चिरायु होवो’. वर शेरा: ‘दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे लाचार. एवढं कळत नाही त्यांनी झेंडे मिरवू नयेत.’ झाडून सगळे हसून गेले. मला ते टोचत राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

घरात कुणाला तरी हे दोन शब्द पाठीमागून म्हणायला लावा आणि ओळखा कोणता ते. नाही ओळखता येत. वीट, फूल, खीर आपण लांबवून म्हणतो आणि लिहितोही तसंच. ‘दिन’सुद्धा तोंडातून लांबच येतो, पण तो संस्कृतातून आलाय म्हणून त्याला पहिली वेलांटी. पोराने कानाला आलं ते लिहिलं. आपल्या पणजोबांच्या मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेदच पाळत नव्हते, तरी त्यात वाटण्या झाल्या, खरेदीखतं झाली.

शुद्धाक्षर:
फोटो माझा, शेराही माझा. मागे घेणार नाही. कानाला कळत नाही म्हणूनच डोळ्यांसाठी वेलांट्या आहेत ना? शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्ताची. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे सारथी. कर्ण सूतपुत्र होता. पहिला उकार दिलात तर तो कुणाचा तरी नातू होईल.

गोदाकाठचा:
आणि ‘शीर कापली’, ‘शिर कापलं’ यातला फरक ‘ली’ न् ‘लं’वरूनच कळतो की. वेलांटीकडे कोण बघतंय!

तुरीचं शेत:
मला तर फ्लेक्सवर काहीच चुकलेलं दिसत नाही 😂 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. दीन नाही तर काय म्हणायचं?

निवृत्त मास्तर:
हसणाऱ्यांना एक सांगतो. त्या फ्लेक्सवर ‘मुक्तीसंग्राम’ पण चुकलंय. एकटा शब्द ‘मुक्ती’, समासात ‘मुक्तिसंग्राम’. शेरा मारणाऱ्याला ते दिसलं नाही, म्हणजे त्यांचंही शुद्धलेखन निम्मंच.

आता दुसरी बाजू. 1962 च्या नियमांनी शेवटची वेलांटी दीर्घ केली. सूर्य तो रवि आणि ताक घुसळायची रवी, दोघं ‘रवी’ झाले. पूर्वी नांव म्हणजे नाम आणि नाव म्हणजे होडी. अनुस्वार गेला, दोन्ही सारखे. मी 26 वर्षं मराठी शिकवलं, हे मला अजून खटकतं.

गोदाकाठचा:
गुरुजी, तुम्ही माझंच काम केलंत. 60 वर्षं होऊन गेली, कुणी ताक घुसळायला सूर्य मागितला का?

शुद्धाक्षर:
‘मुक्तिसंग्राम’ मान्य. नजरेतून सुटलं. धन्यवाद, गुरुजी, एवढ्या प्रेमाने दाखवल्याबद्दल. पण वेलांटीचं सोडा, आपल्याकडे लोकांना आधी ‘पाणी’ म्हणता येऊ द्या. पानी, लोनी, कोन आलं. एका कृषी सेवा केंद्रावर ‘तननाशक मिळेल’ अशी पाटी वाचली मी. तन म्हणजे शरीर हो!

बीडची लेक:
झालं, आले मूळ मुद्द्यावर. मी कृषी शाखेला पुण्यात होते. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये ‘पानी द्या’ म्हणाले, तर तीन महिने मला ‘ए पानी’ अशीच हाक. दुसऱ्या वर्षी सेमिनारचा विषय नेमका तण. हरळी, लव्हाळा, गाजरगवत, सगळं मुखपाठ. पहिल्या वाक्यात ‘तन’ निघालं आणि वर्ग फुटला. पुढचं मी कागदात बघून पुटपुटत संपवलं. लिहिताना ‘तण’ आयुष्यात कधी चुकलं नाही माझं. त्या हसणाऱ्यांपैकी एकालाही हरळी आणि लव्हाळा वेगळा ओळखता येत नव्हता.

शुद्धाक्षर:
ताई, मी तुम्हाला उद्देशून बोललो नव्हतो. पण प्रमाण उच्चार शिकायला काय हरकत आहे?

बीडची लेक:
आम्ही शिकलो. तुम्ही आमची भाषा कधी शिकणार? ‘काय करायलास’ म्हटलं की तुम्हाला हसू फुटतं.

तुरीचं शेत:
जगात जर्मनी, भारतात परभणी! ण सुद्धा जपलाय आम्ही, बघा 😂 आणि कामून उठसूट पुण्याचा दाखला? ज्ञानेश्वरीत पाठभेद घुसले होते, ते शके 1506 मध्ये कुणी निवडून काढले? पैठणच्या नाथांनी. मराठीचा पहिला प्रूफरीडर आमच्याकडचा आहे.

शुद्धाक्षर:
म्हणजे नाथांनाही अक्षर न् अक्षर तपासावंसं वाटलं. मी वेगळं काय म्हणतोय?

तुरीचं शेत:
... हे बाकी बरोबर पकडलंत.

जालनेकर:
हसण्यावारी नेऊ नका. सातबाऱ्यावर माझं नाव ‘सुनिल’, बाकी कागदांवर ‘सुनील’. एका वेलांटीपायी अर्ज परत. शपथपत्र, नोटरी, सात हेलपाटे. खिडकीतला माणूस म्हणाला, ‘हे दोन वेगळे इसम दिसायलेत.’ तेव्हापासून मी शुद्धाक्षर यांच्या बाजूचा, नाइलाजाने.

गोदाकाठचा:
सुनीलभाऊ, यात दोष वेलांटीचा की खिडकीतल्या माणसाचा?

जालनेकर:
हेलपाटे माझे गेले, तुम्ही चर्चा करा.

फ्लेक्सवाला:
तो फ्लेक्स मीच छापला. रात्री साडेअकराला मोबाईलवर मॅटर आलं, सोबत 32 फोटो. सकाळी सातला चौकात लागला पाहिजे म्हणे. पूर्वी मी स्वतःहून दुरुस्त करायचो. एकदा ‘शुभेच्छूक’चं ‘शुभेच्छुक’ केलं, तर पार्टी भांडायला आली, आमच्या नावावरचा उकार का बदलला. पैसे अर्धेच दिले. त्या दिवसापासून आलं तसं छापतो. स्क्वेअर फुटाचे पैसे मिळतात, वेलांटीचे नाही.

निवृत्त मास्तर:
पुढच्या वेळी मॅटर मला पाठवत जा. फुकट बघून देतो. दहाच्या आत मात्र.

शुद्धाक्षर:
मलाही पाठवा. गुरुजींकडून एखादं सुटलं तर.

फ्लेक्सवाला:
आत्ताच एक वाढदिवस आलाय. ‘चिरायु’ की ‘चिरायू’? दोघं मिळून ठरवा आणि लवकर सांगा, मशीन चालू आहे.

निवृत्त मास्तर:
दीर्घ.

शुद्धाक्षर:
थांबा, मूळ शब्द ह्रस्व आहे.