मदत हवी आहे: सातवीतल्या भाचीची गणिताची गोडी कशी वाढवू?

नमस्कार मंडळी. माझी भाची अंबाजोगाईला मराठी माध्यमात सातवीत आहे. तिला मी देवळालीच्या शाळेत शिकवून गेलेल्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा आकडा दाखवला. चार अंकी कुठलीही संख्या घ्यायची (सगळे अंक सारखे नकोत; वजाबाकी तीन अंकी आली तर सुरुवातीला शून्य धरायचं), अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करत राहायचं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. पोरगी तिथे थांबली नाही. तीन अंकांवर ४९५ येते हे तिने काढलं, दोन अंकांवर ९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्रच फिरतं हेही शोधलं. आता प्रत्येक वजाबाकीला ९ ने भाग का जातो, यावर अडून बसली आहे. मी उत्तर मुद्दाम सांगितलेलं नाही.

क्लासमध्ये स्कॉलरशिपसाठी वेग आणि युक्त्या शिकवतात. त्याचा उपयोग आहेच, पण हिला ‘का?’ हवं असतं.

आठवीपासून आयओक्यूएम (पात्रता परीक्षा), मग आरएमओ (विभागीय), आयएनएमओ (राष्ट्रीय), हा गणित ऑलिंपियाड स्पर्धेचा रस्ता मला ठाऊक आहे. कॅल्क्युलस लागत नाही; भूमिती, बीजगणित, संख्या सिद्धांत, मोजणीचे प्रश्न. पुण्याचं भास्कराचार्य प्रतिष्ठान (गणिताची संस्था) माहीत आहे, पण तिथे नेहमी जाणं जमणार नाही.

सिद्धता लिहायला मराठीतून शिकवणारं पुस्तक कुठलं? आठवड्यातून एकदा ऑनलाइन तिच्याशी गणितावर बोलेल असं कुणी आहे का? आणि सातवीतच परीक्षेची तयारी सुरू करावी, की वर्षभर नुसती कोडी सोडवू द्यावीत? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.