मदत हवी आहे: ग्रीसमधलं एपिरस, आईला घेऊन ५ दिवस

नमस्कार मंडळी, सप्टेंबर एंडला मी, नवरा आणि आई (वय ६८, गुडघ्याचा त्रास) ग्रीसला चाललोय, पण सांतोरिनी वगैरे नको म्हटलं, त्या पांढऱ्या-निळ्या घरांचे फोटो बघून बघून कंटाळा आलाय, म्हणून वायव्येचा डोंगराळ एपिरस भाग ठरवलाय.

योआनिनाला २ रात्री नक्की. तिथल्या तळ्यातल्या बेटावर बोटीने जायचंय, १८२२ मध्ये अली पाशाला (तिथला ऑटोमन काळातला सत्ताधीश) जिथे मारलं तो मठ आहे ना, त्याच्या लाकडी जमिनीत अजून गोळ्यांची भोकं दाखवतात म्हणे! नवऱ्याला फक्त तेवढंच बघायचंय 😄

खरा गोंधळ झागोरीचा आहे. ४६ दगडी गावं, २०२३ ला युनेस्कोच्या यादीत आली. त्यातलं राहायला मोनोदेंद्री घ्यावं की पापिंगो? पापिंगोला जाताना घाटात वळणंच वळणं आहेत आणि आईला गाडी लागते. विकोस दरीत उतरणं तिला जमणारच नाही, पण ओक्सियाच्या व्ह्यू पॉइंटपर्यंत गाडी जवळ जाते असं वाचलंय, तर पुढे किती चालावं लागतं, पायऱ्या आहेत का? किपीजवळचे जुने कमानीचे पूल तरी रस्त्यावरून दिसतात ना?

अजून एक, आई अंडंही खात नाही. तिकडच्या पालेभाजीच्या 'पिता' (सारण भरून भाजलेले पाय) फेमस आहेत पण त्यात अंडं घालतात का, आणि विचारायचं कसं?

आयडीपी (आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट) काढलाय, पण उजवीकडून गाडी चालवायची पहिलीच वेळ. कोणी स्वतः चालवत गेलं असेल तर प्लीज सांगा, की सरळ ड्रायव्हरच करू?