मदत हवी आहे : 'आवृत्ती' कशाला म्हणायचं आणि 'पुनर्मुद्रण' कशाला?

नमस्कार मंडळी,

शीर्षकपानाच्या मागचं पान छापखान्यात द्यायचंय आणि एका ओळीवर काम अडलंय. जुनं पुस्तक नव्याने छापतोय. त्यावर 'चौथी आवृत्ती' लिहू की 'दुसरी'?

पुस्तक माझ्या आईचं. वाई भागातल्या बायकांकडून तिने जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि १९८७ साली घरच्याच पैशाने छापून घेतल्या. आई आता नाही. तिच्या वह्यांत राहून गेलेल्या पुष्कळ ओव्या या वेळी घेतल्यात, आणि एकच ओवी गावागणिक कशी बदलते ते तळटीपांत दिलंय.

जुन्या तिन्ही प्रती समोर आहेत. पहिलीवर 'प्रथमावृत्ती : गुढीपाडवा, शके १९०९'. दुसरीवर 'दुसरी आवृत्ती : १९९४', पण आत काना-मात्रेचाही फरक नाही. एका ओवीत 'कोंडा'चा 'कोडा' झालाय, तोही तसाच. तिसरीवर 'पुनर्मुद्रण : २००३', आणि नेमकी त्याच प्रतीत आईने मागे शब्दार्थसूची जोडलीय! जातं, खुंटा, माकडी, पाळू, वैरण घालणं, असे शब्द मुलींना कळेनात म्हणून. म्हणजे जिथे काहीच बदललं नाही तिथे आवृत्ती, आणि जिथे भर पडली तिथे पुनर्मुद्रण.

डीटीपीवाले दादा म्हणतात, "ताई, चौथ्यांदा छापतोय ना, मग चौथी लिहा." ग्रंथपाल मैत्रीण म्हणते, मजकूर बदलतो तेव्हाच आवृत्ती बदलते, म्हणून 'दुसरी, सुधारित'.

माझी अडचण अशी की आपल्या बोलण्यात दोन्ही अर्थ आहेत. अप्पा बळवंत चौकात दुकानदार "आवृत्ती संपली" म्हणतो तेव्हा त्याला छापलेल्या प्रती संपल्या असंच म्हणायचं असतं. "हजाराची आवृत्ती काढली" यातही मोजदाद प्रतींचीच. वर्तमानपत्राची पुणे आवृत्ती आणि कोल्हापूर आवृत्ती एकाच दिवशी निघतात, तिथे आवृत्ती गावावरून ठरते. मोबाइलमधल्या अ‍ॅपची 'नवी आवृत्ती' म्हटलं की मात्र आत काहीतरी बदललंय हे सगळे धरूनच चालतात.

आई अशा नोंदींच्या बाबतीत फार काटेकोर होती. ओवी कुठल्या गावची, सांगणारी कोण, हे ती प्रत्येक ओवीखाली लिहायची. तिच्याच पुस्तकावर चुकीचा आकडा जाऊ नये एवढीच इच्छा आहे. प्रकाशन व्यवसायातल्या किंवा ग्रंथालयातल्या कुणी सांगाल का?

प्रतिसाद

मी मुद्रितशोधन करतो. मराठीत बहुतेक प्रकाशक प्रत्येक छपाईला पुढचा आकडा देत आलेत. जाहिरातीत 'दहावी आवृत्ती' चांगली दिसते हे कारण आहेच, पण त्याला लबाडी म्हणू नका. संस्कृतातच आवृत्ती म्हणजे फिरून येणं, पुन्हा करणं. पुन्हा छापलं ते आवृत्ती, असा साधा हिशेब. हल्ली काही प्रकाशक दोन्ही गोष्टी वेगळ्या दाखवतात. तसं करणं वाचकाच्या सोयीचं आहे.

प्रतिसाद

ताई, मी ग्रंथालयात तालिकीकरणाचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम करते. तुमची मैत्रीण बरोबर सांगतेय, फक्त तिचा आकडा चुकलाय. तिने २००३ ची प्रत बहुधा उघडून पाहिली नसावी.

आम्ही आवृत्ती धरतो ती मजकुरावरून. ठळक उदाहरण मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, चांगलीच वाढवलेली. आज आपण वापरतो तो १८५७ चा मजकूर. पुढे तो कितीही वेळा छापला गेला तरी आमच्या लेखी ती दुसरीच आवृत्ती, बाकी सगळी पुनर्मुद्रणं. अभ्यासकाला 'दुसऱ्या आवृत्तीत अमुक शब्द आहे' असं म्हणता यायला हवं, म्हणून हा आग्रह.

पण कायद्याची भाषा पाहिलीत तर तुमच्या डीटीपीवाल्यांची बाजूही दिसेल. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला नव्या पुस्तकाची एकेक प्रत तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावी लागते. त्यांत मुंबईचं टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय येतं. त्याच कायद्यात सूट अशी आहे की दुसऱ्या किंवा पुढच्या आवृत्तीत काहीच भर वा बदल नसेल आणि आधीची प्रत पोचलेली असेल, तर पुन्हा पाठवायची गरज नाही. म्हणजे बदल नसलेली 'आवृत्ती' असू शकते हे कायद्यालाही मान्य आहे.

तेव्हा १९९४ ची नोंद खोटी नाही, जुन्या वापराची आहे. तुमच्या पुस्तकात मजकूर दोनदा बदलला : २००३ ला सूची आली तेव्हा आणि आत्ता. म्हणून माझ्या मते आताची 'तिसरी'. नुसता आकडा मात्र छापू नका, सगळा इतिहास द्या. नाहीतर १९९४ ची 'दुसरी' हातात असलेला माणूस गोंधळेल. आणि या वेळी प्रती जरूर पाठवा, सूट लागू होत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार! चौथी आणि दुसरी यांच्या भांडणात 'तिसरी' माझ्या ध्यानातही आली नव्हती. पान असं केलंय :

प्रथमावृत्ती : गुढीपाडवा, शके १९०९ (१९८७)
पुनर्मुद्रण : १९९४ (त्या प्रतीवर 'दुसरी आवृत्ती' अशी नोंद)
दुसरी आवृत्ती, शब्दार्थसूचीसह : २००३ (त्या प्रतीवर 'पुनर्मुद्रण' अशी नोंद)
तिसरी आवृत्ती, सुधारित व वाढवलेली

आणखी एक विचारते. आधी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) कधीच घेतला नव्हता. आता एकच घ्यायचा की कसं? पुठ्ठा बांधणीच्या थोड्या प्रती ग्रंथालयांसाठी आणि बाकी साध्या बांधणीच्या काढतोय.

प्रतिसाद

दोन घ्यावे लागतील, बांधणीगणिक वेगळा. ई-पुस्तक काढलंत तर त्याला तिसरा. हाच मजकूर पुढे जसाच्या तसा पुन्हा छापलात तर क्रमांक तेच राहतात, किंमत वाढवली तरीही. मजकुरात पुन्हा मोठी भर घातलीत की नवे. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक-प्रकाशकालाही मिळतो आणि फी नाही. क्रमांक हातात आल्याशिवाय ते पान छापायला सोडू नका.