रॅटमध्ये सीके-एमबी टोटल सीकेपेक्षा जास्त येतंय, चुकतंय कुठे?

फार्मकॉलॉजी_पंचवटी
आयसोप्रोटेरेनॉल मॉडेल चालू आहे, म्हणजे या औषधाने रॅटच्या हृदयाला इजा करून रक्तात सीके (क्रिएटिन कायनेज, स्नायूंतलं एन्झाइम) आणि त्यातलाच हृदयाच्या इजेसाठी पाहिला जाणारा प्रकार सीके-एमबी मोजतोय. विस्टर जातीचे नर, २०० ग्रॅमच्या आसपास. ८५ मिग्रॅ/किलो कातडीखाली, २४ तासांच्या अंतराने दोन डोस. दुसऱ्या डोसनंतर २४ तासांनी रेट्रो-ऑर्बिटलमधून (डोळ्यामागून) रक्त घेऊन नळ्या तशाच कॉलेज रोडच्या पॅथॉलॉजी लॅबला पाठवल्या. काही रिपोर्टमध्ये सीके-एमबी टोटल सीकेच्याही वर! कंट्रोलचे आकडेही चढेच. गाईड म्हणतात किट बदला. तेवढ्याने भागेल का?

टॉक्स_सातपूर
नाही भागणार. आधी किटचं बघू. सीके-एमबीत एम आणि बी असे दोन भाग असतात. माणसांसाठीच्या इम्युनोइनहिबिशन किटमधली अँटीबॉडी मानवी सीकेचा एम भाग बंद करते. उरलेली अ‍ॅक्टिव्हिटी बी भागाची धरून मशीन दुप्पट करतं. रॅटचा एम ती नीट बंद करेलच असं नाही. समजा टोटल ९०० आणि न अडलेलं ६००, तर रिपोर्टवर १२०० छापून येणार. शिवाय रॅटच्या सिरममध्ये सीके-बीबीही (दोन्ही भाग बी) असतं, तेही त्यातच मोजलं जातं. हे आकडे थिसिसमध्ये घालू नका, व्हायव्हात पहिला प्रश्न यावरच येईल.

कंट्रोल चढण्याचं कारण रक्त काढण्यात आहे. रेट्रो-ऑर्बिटलमध्ये ऊती चिरडल्या जातात, सीके आणि एएसटी (ऊतींतलं आणखी एक एन्झाइम) वाढतात. त्यात न फिरवलेलं रक्त दुपारच्या उन्हात द्वारका सर्कल ओलांडून गेलं तर पेशी फुटणारच: तांबड्या पेशींतून एलडीएच आणि अ‍ॅडिनिलेट कायनेज ही एन्झाइम्स सुटतात, आणि हे कायनेज सीकेच्या रिअ‍ॅक्शनमध्ये ढवळाढवळ करतं. ३० मिनिटं गोठू द्या, ३००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा, सिरम वेगळं करा, मगच बर्फावर पाठवा. गुलाबी दिसलं तर ते सॅम्पल बाद.

हिस्टो_गंगापूररोड
मला वेळेचा घोळ जास्त मोठा वाटतो. कार्डिअ‍ॅक ट्रोपोनिन आय (इजा झाली की हृदयाच्या स्नायूतून रक्तात येणारं प्रथिन) करा, रॅटसाठीच्या एलायझाने (अँटीबॉडीवर चालणारी चाचणी). रॅट आणि कुत्र्यांच्या अभ्यासांसाठी ट्रोपोनिन टी व आय एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) २०१२ मध्येच मान्य केलेत. पण आयसोप्रोटेरेनॉलनंतर ते साधारण २ ते ६ तासांत शिखर गाठतं आणि २४ तासांनी बरंचसं उतरलेलं असतं. म्हणून पहिल्या डोसनंतर ४ तासांनी शेपटीच्या शिरेतून ३०० मायक्रोलिटर घ्या; सव्वाशे-दीडशे सिरम मिळतं, डुप्लिकेटला पुरतं. डोसच्या काही दिवस आधी तेवढंच बेसलाइन घ्या, म्हणजे प्रत्येक प्राणी स्वतःचाच कंट्रोल. वेळा बदलल्यात तर आयएईसीकडून (संस्थेची प्राणी-प्रयोग नैतिकता समिती) प्रोटोकॉलची दुरुस्ती मंजूर करून घ्या, मगच सुई उचला.

शेवटचं रक्त हृदयात सुई घालून काढू नका. त्या टोचण्यानेच ट्रोपोनिन सुटतं. पोटातल्या व्हिना केव्हातून (मोठ्या शिरेतून) घ्या. स्लाइडसाठी डाव्या व्हेंट्रिकलचं (हृदयाच्या खालच्या कप्प्याचं) टोक आणि एंडोकार्डियमखालचा (आतल्या अस्तराखालचा) थर सोडू नका, नेक्रोसिस (मेलेल्या पेशी) तिथेच सापडतो.

टॉक्स_सातपूर
औषधाचं द्रावण रोज ताजं आणि अंबर बाटलीत. गुलाबी झालं की ऑक्सिडाइज झालंय, फेकून द्या. ४२.५ मिग्रॅ/मिली केलंत तर २०० ग्रॅमला ०.४ मिली.

फार्मकॉलॉजी_पंचवटी
डॉक्सोरुबिसिनच्या (हृदयाला इजा करणारं कॅन्सरचं औषध) गटालाही ट्रोपोनिनसाठी ४ तासच धरू का?

हिस्टो_गंगापूररोड
नको. तिथे इजा साचत जाते. २.५ मिग्रॅ/किलोचे सहा डोस, एकूण १५ मिग्रॅ/किलो दोन आठवड्यांत, असं असेल तर ट्रोपोनिन उशिरा चढतं. दर आठवड्याला सॅम्पल घ्या आणि शेवटच्या डोसनंतरही काही आठवडे चालू ठेवा. पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने देत असाल तर पोट फुगतंय का ते पाहा. पाणी साठलं की वजनाचा आकडा फसवतो.